पालथं ठेवलेलं कार्ड

पनवेलला टपाल नाक्याजवळच्या गल्लीत शैलेश कोळ्याचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे लग्नाची ऑर्डर द्यायला गेलात तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्याच्या टेबलावरच्या कशालाही हात लावू नका. चहाचा कप ठेवायला म्हणून एखादी डबी बोटभर सरकवलीत तरी हा गोगलगायीसारखा दिसणारा माणूस असा खेकसेल की तुम्हाला वाटेल, आपण काय त्याच्या बापाचं घर लुटलं? लोक म्हणतात, कामाला सोनं आहे, पण तोंड कडू. लोकांचं काय जातंय म्हणायला! तोंड कडू का झालं, हे विचारायला कोणी गेलंय?

तसा तो कोळीवाड्यातला. बाप काशिराम खाडीत होडी घालायचा, आई सोनाबाई मासळी बाजारात टोपली घेऊन बसायची. एकुलता एक पोरगा होडी सांभाळेल अशी बापाची आशा. आणि या पोराला होडी लागायची! किनारा सोडला की पोटातलं सगळं बाहेर. कोळ्याच्या पोराला पाणी सोसत नाही म्हटल्यावर वाड्यात काय हसू झालं असेल ते विचारू नका. शेवटी काशिरामनेच त्याला गुरुदत्त फोटोवाल्याकडे नेऊन बसवलं. "याला कोरड्या जमिनीवरचं कायतरी शिकवा," म्हणाला. गुरुदत्त कडक माणूस. तेव्हा टेपचा जमाना होता. शूटिंग संपलं की टेपची खिट्टी सरकवायची, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. "आधी खिट्टी, मग जेवण," हा गुरुदत्तचा कायदा. एकदा शैलेश विसरला तर भर मांडवात त्याच्या कानाखाली आवाज काढला होता. गुरुदत्त गेल्यावर दुकान शैलेशकडे आलं, आणि टेपा जाऊन बोटाच्या पेराएवढी कार्डं आली.

खिट्टी कार्डालाही असते, पण एवढीशी. खिशात ठेवताना सरकते, कॅमेऱ्यात घालताना सरकते. म्हणून शैलेशने स्वतःची युक्ती काढली. कार्डाची एक बाजू नावाची, दुसरी सोनेरी दातांची. ज्या कार्डातलं काम गिऱ्हाइकाला पोचतं झालंय ते डबीत नावाची बाजू वर करून ठेवायचं. म्हणजे मोकळं, खुशाल फॉरमॅट मारा. ज्यातलं काम अजून उतरवून घ्यायचंय ते पालथं, दात वर. डबी उघडली की एका नजरेत समजायचं. कित्येक लग्नं, बारशी, हळदी त्याने याच युक्तीवर काढल्या आणि कधी चुकला नाही. त्यामुळे झालं काय, की तो कार्डात काय आहे ते बघायचाच बंद झाला. बघायचा ते फक्त कुठली बाजू वर आहे एवढंच. माणूस स्वतःच्या हुशारीवर इतका विसंबला की समजावं, आता घोडं पेंड खाणार.

दोन हजार अकराची गोष्ट. दसऱ्याच्या अलीकडे मोहल्ल्यातल्या अमिरुन्निसाबाईंच्या मुलाचा निकाह होता. बाईंचे मालक केव्हाच वारलेले. त्यांनी फहादला एकटीने वाढवलं, आणि तो कुवेतला एका गोदामात कामाला लागला. निकाहसाठी थोड्या रजेवर आला होता. घरातल्या थोरल्यांना व्हिडिओ शूटिंग पसंत नव्हतं, पण बाई हटून बसल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. निकाह पुरुषांच्या बाजूला होणार, त्या पडद्याआड बायकांत बसणार. पोटच्या पोराचं 'कबूल है' त्यांच्या कानावर पडणारच नव्हतं. "माझा एकच मुलगा, एकदाच बोलणार," त्या शैलेशला म्हणाल्या, "मला ते ऐकायचंय बेटा. तू नीट घे." बाई सोनाबाईच्या जुन्या गिऱ्हाईक. पापलेट घ्यायचं तर सोनाबाईच्याच टोपलीतून, दुसरीकडे जायच्या नाहीत. तेव्हा हे घरचंच काम.

शैलेशने नीट घेतलं. फहाद बिचारा असा घाबरला होता की काझींनी विचारल्यावर त्याचा आवाजच फुटेना. काझींनी हसून पुन्हा विचारलं, तेव्हा तो एवढ्या मोठ्याने 'कबूल है' म्हणाला की सगळी सभा हसली, आणि तो स्वतःही हसला. सगळं कार्डात आलं. घरी येऊन शैलेशने कार्ड डबीत ठेवलं. पालथं.

आता तुम्ही म्हणाल, लगेच कॉम्प्युटरवर उतरवून का नाही घेतलं? कारण कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गच्च भरली होती. मग नवी का नाही आणली? अहो, आणणारच होता! पण दोन दिवसांवर दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त असा दारात उभा असताना आधल्या दिवशी कोणी नवी वस्तू घरात आणतं का? दसऱ्याला संध्याकाळी डिस्क आणायची, तिला हळदकुंकू लावायचं, आणि पहिलं काम फहादच्या निकाहचं उतरवायचं, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. मुहूर्त! एका पोराचा आवाज मुहूर्ताची वाट बघत डबीत पडून राहिला.

दसऱ्याला सकाळी सोनाबाईने हत्यारांची पूजा मांडली. काशिराम होता तोवर तो आपल्या अवजारांची पूजा करायचा. तो गेल्यावर होडी विकली आणि सोनाबाईने तो सगळा मान कॅमेऱ्याला दिला. पाटावर लाल कापड, त्यावर कॅमेरा, दिवा, स्टँड, झेंडूची माळ. शैलेश आंघोळीला गेला होता. म्हातारीने कार्डांची डबी उघडली. आत व्हिडिओची दोनच कार्डं. एक सरळ, एक पालथं. तिने दोन्ही पदराने पुसली, ताटलीत मांडली, बोटाने हळदकुंकवाचा ठिपका दिला, नमस्कार केला, आणि मग डबीत परत ठेवली. नीट. दोन्ही सरळ, नाव वर करून. पूजेतली वस्तू पालथी कशी ठेवणार? पालथं अभद्राचं, मेल्या माणसाच्या क्रियेचं. तिच्या जागी कुठल्याही कोळणीने तेच केलं असतं.

शैलेशला घाई होती. पळस्प्याला काळूरामशेठच्या मुलीचा साखरपुडा होता. काळूरामशेठ म्हणजे बडं प्रस्थ. पळस्प्यापासून कर्नाळ्यापर्यंतच्या गावांतली निम्मी लग्नं त्याच्या शब्दावर हलायची, कुठला मांडववाला आणि कुठला फोटोवाला ते तो सांगायचा. हॉलवर पोचल्या पोचल्या काळूराम ओरडला, "काय रं फोटोवाल्या, पावनं आलं नं तू आता येतंस!" शैलेशने एका हाताने नमस्कार केला आणि दुसऱ्या हाताने डबी उघडली. वरचं कार्ड नाव वर. म्हणजे मोकळं. घातलं कॅमेऱ्यात. कॅमेऱ्याने विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल? अंगठ्याने 'हो' दाबलं. कॅमेरा विचारतो हो, दर वेळी विचारतो. पण जो प्रश्न रोज विचारला जातो तो ऐकतो कोण?

पाहुणे आले, गळाभेटी झाल्या, शैलेश शूट करत होता. मग बॅटरी बदलायला बॅगेकडे गेला आणि डबी पुन्हा उघडली गेली. आत दुसरं कार्ड. तेही नाव वर!

पहिल्यांदा त्याला समजलंच नाही. मग कार्डाच्या कडेला कुंकवाचा लाल डाग दिसला. कोणीतरी डबीतली कार्डं हाताळली होती. त्याने ते कार्ड कॅमेऱ्यात घालून बघितलं. त्यात गणपतीची मिरवणूक होती, कधीच पोचती केलेली. म्हणजे मोकळं कार्ड हे. आणि आपण पुसलं ते फहादचं.

पण थांबा, अजून सगळं गेलं नव्हतं. हे शैलेशलाही माहीत होतं. धंद्यातला प्रत्येकजण जाणतो, की फॉरमॅट मारल्याने कार्डातलं लगेच नाहीसं होत नाही. त्यावर नवीन काही भरलं नाही तर जाणकार माणूस ते बाहेर काढू शकतो. फहादच्या कार्डावर आत्तापर्यंत थोडीशीच गळाभेट भरली होती. बाकीचं आत असणारच. शैलेशने ते कार्ड रुमालात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, दुसरं कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि पुढचं शूटिंग त्याच्यावर केलं. बरोबर केलं. देवाशपथ बरोबर केलं. तिथे थांबला असता तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

अंगठ्या झाल्या, ओट्या भरल्या, जेवणं झाली, आणि गाणी लागली. कार्ड भरत आलं. मग कॅमेऱ्यावर लाल अक्षरं लुकलुकली आणि शूटिंग बंद पडलं. शैलेशने कॅमेरा खाली घेतला. मनात म्हणाला, झालं, महत्त्वाचं सगळं झालंय.

तेवढ्यात काळूराम त्याचा दंड धरून त्याला ओढतच घेऊन गेला. "बंद का केलंस? तकडं बघ, आमची आय उठली नाचाला!" खरंच, काळूरामची म्हातारी आई, कंबरेत वाकलेली, दोन नातींच्या खांद्यांवर हात टेकून गाण्यावर पाय हलवत होती. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. काळूरामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "घे रं, घे! पुन्ना कई नाचल ती?"

"शेठ, कार्ड संपलं," असं म्हणायला शैलेशने तोंड उघडलं. म्हणायचं होतं. पण समोर काळूराम, त्याच्या मागे त्याची माणसं, पुढे सगळा लग्नाचा मोसम, आणि ती नाचणारी म्हातारी. शैलेशचा हात आतल्या खिशात गेला. फक्त हिच्यापुरतं, त्याने स्वतःला सांगितलं. थोडंसंच. थोडं गेलं तरी बाकीचं राहील. त्याने रुमाल सोडला आणि फहादचं कार्ड कॅमेऱ्यात घातलं.

म्हातारी बसली, मग जावई नाचले, मग मामा नाचले. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचं, आमचं पण घे. एकदा उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं? शैलेश शेवटपर्यंत शूट करत राहिला.

संध्याकाळी घरी आला तर सोनाबाई दारात आपट्याची पानं घेऊन उभी. "सोनं घे बाबा."

"कार्डांना हात कोणी लावला?"

"मी. पूजा केली ना." म्हातारीला वाटलं पोरगा खूश होईल. "एक पालथं पडलं होतं, ते सरळ केलं."

मग जे व्हायचं ते झालं. शैलेशने आवाज चढवला. आयुष्यात कधी आईला उलटून बोलला नव्हता, त्या दिवशी वाड्यातल्या चार घरांनी ऐकलं. तुझ्या पूजेने माझा धंदा बुडवला, म्हणाला. अमिरुन्निसाबाईंच्या पोराचा निकाह पुसला गेला, तुझ्यामुळे, म्हणाला. खिशातल्या रुमालाचं मात्र काही बोलला नाही. आपट्याची पानं म्हातारीच्या हातातच राहिली.

सोनाबाई खाली बसली. मग म्हणाली, "चूक माजी. माजी म्हणून सांग. पण जा आन सांग. पोरगा अजून गावात हाय ना? परत बोलंल तो. त्यात काय हाय? तुला लाज वाटत असंल तर मी जाते. ती मला काय खानार नाय."

केवढा साधा उपाय! न शिकलेल्या म्हातारीला दिसला, आणि या शहाण्याला दिसला नाही. दिसला नाही असंही नाही, दिसला आणि नको झाला. सांगायचं म्हणजे तोंड दाखवायचं. थोरले आधीच व्हिडिओच्या विरोधात, ते म्हणणार, बघा, सांगितलं नव्हतं? मोहल्ल्यात बोभाटा होणार. आणि मुख्य म्हणजे त्या बाईच्या डोळ्यांत बघायचं. शैलेशने आईचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "तू कोणाला बोलायचं नाहीस. माझी शप्पथ आहे तुला." पोटच्या पोराची शपथ. म्हातारीच्या तोंडाला कुलूप लागलं. आजचं मरण उद्यावर ढकललं, की माणसाला वाटतं मरण टळलं.

आणि नशीब बघा, दोन-तीन दिवसांनी फहाद स्वतःच दुकानात आला. जायच्या आधी कागदपत्रांसाठी फोटो हवे होते. शैलेशने त्याला पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं. पोरगा आनंदात होता, त्याचं तोंड थांबेना.

"शैलेशभाई, तो माझा आवाज फुटला नाही ना, तो भाग कापू नका हां."

"मान सरळ करा."

"अम्मी रोज विचारते, कसा बोललास, कसा बोललास. मी म्हटलं, व्हिडिओ येईल तेव्हा बघ. मी करून दाखवत नाही. मला लाज वाटते."

"हनुवटी थोडी खाली. हसू नका, फोटो चालणार नाही."

"बरं," म्हणून फहाद गप्प बसला आणि शैलेशने फोटो काढला. व्हिडिओचा कॅमेरा मागे स्टँडवर होता. बॅटरी भरलेली, कार्ड आत. एक बटण दाबायचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, 'फहादभाई, घोळ झालाय, पुन्हा एकदा बोला.' पोरगा हसला असता, लाजला असता, आणि बोलला असता. शैलेशने फोटो कापून पाकिटात घातले आणि म्हणाला, "व्हिडिओ झाला की कळवतो."

फहाद गेला. पुढे अल्बम झाला, फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यातले होते, ते शाबूत होते. अल्बम बघून अमिरुन्निसाबाई खूश झाल्या. "आणि व्हिडिओ?" "एडिटिंग चालू आहे." दिवाळी गेली. "मशीन बिघडलंय." नवं साल उजाडलं. "आवाजाचं काम बाकी आहे." आवाजाचं काम! जीभ कशी वळली असेल माणसाची! काळूरामशेठच्या डीव्हीड्या मात्र वेळेवर गेल्या. म्हातारीचा नाच फार सुरेख आला होता. सगळ्या गावाने तो पाहिला आणि शैलेशला त्या मोसमात श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. सोनाबाईने स्टुडिओत पाय टाकायचा सोडला. बाजारात अमिरुन्निसाबाई आल्या की ती मान खाली घालून मासे कापायची, आणि बाईंना वाटायचं, म्हातारी हल्ली थकली.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी कुवेतहून फोन आला. गोदामाच्या गाडीला रस्त्यात अपघात झाला होता. फहाद जागच्या जागी गेला होता. मय्यत इकडे आणायला किती दिवस लागतील त्याचा भरवसा नव्हता, थोरल्यांनी विचार करून तिथेच दफन करायला सांगितलं. आईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. सोनाबाई त्यांच्याकडे जाऊन आली आणि ओटीवरच बसली, घरात येईना. "तिच्या दारात मला पानी गिळवंना," म्हणाली. "ती मला विचारत होती, व्हिडिओ झाला का. शैलेश, तुजी शप्पथ मी पाळली. देव मला काय म्हनंल?"

शैलेश तेव्हा कुठे हलला. दसऱ्यानंतर पुन्हा न वापरलेलं ते कार्ड घेऊन ओवेसकडे गेला. ओवेस कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, पुसलेलं परत काढण्यात त्याचा हातखंडा. कार्ड दिवसभर लावून ठेवलं, आणि शैलेश तिथेच बसून राहिला.

"फॉरमॅट म्हणजे काय शैलेश, घराबाहेरची पाटी काढली," ओवेस म्हणाला. "माणसं आत तशीच असतात. तेव्हाच आणलं असतंस तर सगळं काढून दिलं असतं. पण तू त्या घरात दुसरं बिऱ्हाड आणून बसवलंस. इथे डीजे आहे, तिथे डीजे आहे. का भरलंस रे वर?"

हाती एक तुकडा लागला. हॉलच्या दाराशी काढलेल्या चपला, कोणाचे तरी पाय, बिर्याणीची डेग, आणि चित्र अडकून थांबलेलं. आवाज नाही. फहाद नाही.

शैलेश सांगायला जाणार होता. आज जातो, उद्या जातो करत होता. तोवर बाईच स्टुडिओत आल्या. एकट्याच, काळा बुरखा, चेहरा उघडा, डोळे कोरडे. सून इद्दतीत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या दिवसांत, घरात बसलेली, तिला बाहेर पडता येत नव्हतं.

"बेटा, एडिटिंग राहू दे," त्या म्हणाल्या. "गाणी नको, फुलं नको. कच्चं असेल तसं दे. मला फक्त त्याचा आवाज ऐकायचाय. फोनवर रोज बोलायचा, पण फोनमध्ये आवाज राहत नाही ना. सगळ्यांना विचारलं. कोणाच्या मोबाइलमध्ये आहे थोडं, त्यात नुसता पंख्याचा घरघराट आहे. तुझ्याकडचा तेवढा नीट असेल."

शैलेशने तोंड उघडलं आणि या वेळी खोटं आलं नाही. सगळं सांगितलं. आईच्या पूजेचं आधी सांगितलं, मग स्वतःच्या हाताचं, रुमालाचं, काळूरामच्या आईचं. लपवून आता राहणार काय होतं? शेवटी तो तुकडा लावून दाखवला. बाई स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. चपलांवरून त्यांची नजर फिरली. "पुन्हा लाव," म्हणाल्या. त्याने लावला. "यात आवाज नाही?"

"नाही."

त्या सरळ झाल्या. ओरडतील, शाप देतील, तोंडात मारतील असं त्याला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं.

"पुसलं कधी गेलं?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याला."

बाई मनातल्या मनात काहीतरी जुळवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दसऱ्याला फहाद इथेच होता."

शैलेशने मान हलवली.

"जायच्या आधी तुझ्याकडे आला होता. फोटो काढायला. मीच पाठवलं होतं, म्हटलं, शैलेशकडेच जा."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"कॅमेरा होता दुकानात?"

शैलेशची नुसती मान हलली.

"तुझ्या आईने जे केलं ती पूजा होती," अमिरुन्निसाबाई म्हणाल्या. "तिला सांग, माझं काही म्हणणं नाही. आणि तुझ्या हातून पुसलं गेलं, त्या शेठला घाबरलास, तेही मी माफ केलं, अल्लाहसमोर माफ केलं. माणसाकडून होतं." त्यांनी बुरख्याची कड चेहऱ्यावर ओढून घेतली, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. "पण तो तुझ्यासमोर बसला होता रे. जिवंत. बोलत होता. तू नुसतं म्हणायचं होतंस, पुन्हा बोल. माझ्यासाठी तो दहा वेळा बोलला असता."